कात्रीचा आवाज

त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. लॉकडाऊनमध्ये सोलापुरातल्या घरी बसून मी दहावीला मोबाइलवर मराठी शिकवत होतो, तेव्हा एका मुलीच्या मागे तिच्या आईचे विड्या वळणारे हात तेवढे दिसायचे. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं कापायची कात्री. ती कात्री साऱ्या वर्गाला ऐकू जायची. "तासाला घरातले आवाज बंद ठेवा," ही शाळेची सूचना मी वाचून दाखवली आणि दुसऱ्या दिवसापासून कात्री थांबली. हात मात्र तिथंच, सुपाच्या काठावर नुसते पडून असायचे.

पुढं एकदा श्रमप्रतिष्ठेवरचा धडा आला. त्या शब्दावर मी तासभर बोलू शकतो आणि बोललोही. तास लांबला, तसा त्या बाईंचा आवाज आला, "सर, आता बास करा की. तुमी बोलत असला की मला हात बांधून बसावं लागतंय. विड्या कमी भरल्या की कारखान्यात बोलतात."

"अहो ताई, आवाज बंद म्हणजे फोनवरचं बटण दाबायचं. काम कशाला थांबवलंत?"

त्यांनी सुपातली कात्री उचलली. मग म्हणाल्या, "म्हंजे एवडे दिवस मी उगाच बसले की."

वर्गात कुणीतरी हसलं. मुलीनं मान खाली घालून बटण दाबलं.

तेव्हापासून कात्री रोज चालताना दिसायची, ऐकू मात्र यायची नाही. मुख्याध्यापक एकदा तासाला डोकावले आणि खूश होऊन म्हणाले, "वा! तुमच्या वर्गात कुणाच्या घरातलं काहीच ऐकू येत नाही."