आमचे साडू आमदार झाले तेव्हा

काहीही न करता माणूस किती वर जाऊ शकतो हे ज्याला पाहायचं असेल, त्यानं आमच्या साडूंकडे पाहावं. कंधार तालुक्यातल्या त्यांच्या गावात दोन गटांचं भांडण मिटेना, तेव्हा "ह्याच्यात काही दम न्हाई, हा चालंल," असं दोन्ही गटांनी एकदिलानं ठरवलं आणि साडू सरपंच झाले. पुढे पंचायत समिती, जिल्हा परिषद, सभापतिपद आणि शेवटी थेट विधानसभा. दर वेळी लोकांनी त्यांना याच गुणासाठी वर ढकललं, आणि दर वेळी साडूंना ते स्वतःचं कर्तृत्व वाटलं.

'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. कोणी काहीही मागो, उत्तर एकच, "हाव, करून टाकू!" एका इरसाल म्हाताऱ्यानं त्यांना मुदखेडला रेल्वे थांबवावी म्हणून निवेदन दिलं. मुदखेड जंक्शन; तिथं गाडी थांबतेच. साडूंनी कागद गंभीरपणे खिशात घातला. "वर बोलून राहिलो. थांबंल." महिन्याभरानं गाडी थांबल्याबद्दल त्यांचा सत्कार झाला, आणि त्यांनी तो डोळ्यांत पाणी आणून स्वीकारला.

माझी बायको, म्हणजे त्यांची धाकटी मेव्हणी, त्यांच्याच मतदारसंघात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. दुसरीचा वर्ग व्हरांड्यात भरायचा. पाऊस तिरपा आला की पोरं दप्तरं डोक्यावर घेऊन बसायची. साडूंनी खोलीचं भूमिपूजन केलं ते जिल्हा परिषद सदस्य असताना. सभापती झाल्यावर पुन्हा केलं. आमदार होऊन तिसऱ्यांदा आले, तेव्हा आभार मानायला उठलेल्या बायकोनं माईक हातात धरून सांगितलं, "दाजी, पहिल्या नारळाच्या वेळची पोरं आता बारावीला हायत. पुढच्या वेळी नारळ आणू नका. विटा आणा."

मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं साडू हसले. "आमच्या मेव्हणीची जबान लई तिखट!"

पंधरा दिवसांत तिची बदली किनवटच्या पलीकडे झाली. मी फोन केला तर म्हणाले, "मला तर काहीच मालूम न्हाई." माझा विश्वास बसला, त्यांना तसं कशातलंच काही मालूम नसायचं. बायकोनं मात्र त्यांचं नाव टाकलं. आठवड्याला एकदा ती नांदेडला घरी यायची, आणि त्यांचा विषय निघाला की उठून आत जायची.

पुढच्या निवडणुकीत साडू पडले. असे पडले की डिपॉझिटही गेलं. त्यानंतर एका रविवारी दुपारी ते आमच्या दारात उभे राहिले. एकटेच, एसटीनं आलेले. खुर्चीच्या काठावर टेकले. बराच वेळ टोपीशी चाळा करत बसले आणि मग माझ्याकडे न बघता बायकोला म्हणाले, "ती बदली मीच केलती. चारचौघांत लई लागलं होतं."

"तवाच कळलं होतं दाजी," ती म्हणाली. "ताईनंच सांगितलं."

खुद्द आपल्याच बायकोनं सांगितलं, हे साडूंना ठाऊक नव्हतं. बायको आत गेली. आता बाहेर येत नाही, असं मी धरून चाललो होतो. पण ती दोन ताटं घेऊन आली. "जेवून घ्या. गाडीला टाइम हाय."

मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. कंधारच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कोन्या गावचे हो तुमी?" साडूंनी गावाचं नाव सांगितलं. पुढे ते आमदारकीचं काहीतरी जोडतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी म्हातारीची पिशवी उचलून मांडीवर घेतली, तिला नीट बसायला जागा करून दिली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.