फळ्यावरचा शब्द

सोसायटीच्या निवडणुकीतली नावं जिन्याजवळच्या फळ्यावर खडूने लिहिली आहेत. आज सकाळी देसाईकाका ओल्या रुमालाने स्वतःच्या नावापुढचा ‘लाळघोट्या’ हा शब्द पुसत होते.

टीव्हीवर पुढारी एकमेकांना असली नावं ठेवू लागले की मी चॅनेल बदलते. मीटिंगमध्ये तोंडही उघडत नाही. म्हणून स्वतःला सभ्य समजत आले. पण काल संध्याकाळी त्याच फळ्याचा फोटो बिल्डिंगमधल्या मुलींच्या ग्रुपवर मीच टाकला होता, खाली हसरे चेहरे लावून.

मला बघून काका ओशाळले. रुमाल मुठीत लपवत म्हणाले, “काही नाही गं, खडूच आहे. पुसला की जातो.”

मी मान हलवली. हातातला फोन थरथरला. फोटोवर आणखी कुणीतरी हसलं होतं.