राजा सड्यावर आला

१९८५च्या मे महिन्यात केरू गोताड गावी आला तो आंब्याच्या ट्रकने. क्रॉफर्ड मार्केटात पेट्या उतरवून ट्रक रिकामा रत्नागिरीला परतत होता आणि ड्रायव्हर ओळखीचा होता. एसटीत केरूला कोणी चढूच दिलं नसतं, कारण त्याच्याबरोबर कुत्रा होता.

पूर्णगडच्या वरच्या अंगाला, सड्यावरच्या, उघड्या कातळाच्या माळावरच्या वाडीत त्याचं घर. फाट्यावर उतरल्यावर त्याने कुत्र्याला खाली ठेवलं, तर तो जागचा हलेना. एक पाय पुढे टाकायचा, जमीन हुंगायचा, पाय मागे घ्यायचा. चांगला मोठा, पाठीवर तांबूस, पण लहानपणापासून सिमेंटवर आणि जाळीवर वाढलेला. पायाखाली माती कशी लागते ते त्याला ठाऊकच नव्हतं. शेवटी केरूने त्याला खांद्यावर घेतलं आणि पाखाडीच्या दगडी पायऱ्या उतरून घरी आणलं.

चिमा खळ्यात आमसुलं वाळत घालत होती. नवऱ्याच्या खांद्यावरचं ओझं बघून ती उठली.

"ह्यो कोन?"

"राजा. आमच्या कंपनीतला."

केरू मुंबईत एका औषधाच्या कंपनीत, जनावरांच्या खात्यात कामाला होता. पिंजरे धुवायचे, खाणंपाणी बघायचं आणि डॉक्टर सांगतील ते औषध जनावरांना द्यायचं, हे त्याचं काम. गेलं वर्षभर तिथे पित्ताच्या औषधावर काम चाललं होतं. ज्यांचं पित्त नीट सुटत नाही, जेवण अंगी लागत नाही, त्यांच्यासाठी ती गोळी. आधी उंदरांना दिली, मग कुत्र्यांना. राजाच्या पिंजऱ्याचा तळ जाळीचा होता आणि खाली थाळी. त्याच्या अंगातून जे बाहेर पडेल ते बाटल्यांत भरून तपासायला जायचं. बाकी कुत्र्यांचा जबडा दोघांनी धरावा लागे. राजा मात्र केरू दिसला की आपणहून तोंड उघडायचा. ते केरूला बघवत नसे.

तपासणी संपल्यावर कुत्र्यांची आता गरज नाही असं ठरलं, तेव्हा तो सावंत मॅडमकडे गेला. ते काम मॅडमच बघत होत्या. "एक मला द्या," एवढंच तो म्हणाला.  मॅडम वर जाऊन साहेबांशी बोलून आल्या आणि म्हणाल्या, "गावी नेणार असशील तर ने."

चिमाने हे सगळं ऐकून घेतलं, पण कुत्र्याच्या जवळ ती गेली नाही.

"त्याच्या अंगात ते औषध आसंल. आपली गाय बांधलेली हाय, पोरं खेळतात."

"कवाच गेलं ते. मी पन घेतलीय ती गोळी."

आमसुलं पसरायला घेतलेलं सूप चिमाने खाली ठेवलं.

कुत्र्यांनंतर माणसांवर बघायचं होतं. कंपनीने आपल्याच लोकांना विचारलं. कोणावर जबरदस्ती नव्हती, डॉक्टरांनी आधी सगळ्यांना तपासलं होतं. वर्षभर दुसऱ्याच्या तोंडात गोळी घालणाऱ्या केरूला नाही म्हणवेना. दिवसभर तो खाटेवर पडून होता, घटकेघटकेला रक्त देत होता आणि लघवी बाटलीत भरत होता.

"मला इचारलंव नाय," चिमा म्हणाली.

"नाय इचारलं."

ती आत गेली. बऱ्याच वेळाने तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर बसली. "मंग काय झालं अंगात?"

मॅडमनी जे सांगितलं होतं ते केरूने आपल्या भाषेत सांगितलं. "पाऊस येकच. पन सड्यावर पडला तर वाहून जातो, खाचरात पडला तर साचतो. गोळीचं तसंच. ह्या राजाच्या पोटात ती पित्ताबरोबर आतड्यात यायची, तिथनं परत रक्तात जायची. फिरत राहायची. दोन दोन दिवस निघायची नाय. माझ्या काळजानं, मॅडम लिव्हर म्हनतात त्यानं, दोन-तीन तासांत तिचं रूपच बदललं आनि दुसऱ्या सकाळपातूर लघवीवाटं भायेर."

"आनि उंदरांच्या?"

"त्यांच्या पित्तातच लय सापडली."

"पित्त कसं काडलं?"

केरूने राजाच्या पाठीवर हात ठेवला. "ते उंदीर नाय ऱ्हायले."



पुढचे आठ-दहा दिवस राजा ओटीवरच्या सारवलेल्या जागेवरून उतरला नाही. मग एकदा वाडीतली आवडाबाई मासळीची टोपली घेऊन दारावर आली. ताज्या बांगड्यांचा वास आला तसा तो पायरी उतरला, कातळावर दोनदा घसरला आणि टोपलीपाशी जाऊन पोचला. आवडाबाईने हसत त्याच्यापुढे एक बांगडा टाकला. त्याने तो खाल्ला नाही. तोंड उघडून तिच्याकडे बघत बसला, कोणीतरी घास आत घालेल म्हणून. चिमाने ते पाहिलं. तिने बांगडा उचलला, काटा काढला आणि पहिल्यांदाच त्याला हाताने भरवलं.

केरू रजा संपवून मुंबईला गेला. ती गोळी काही बाजारात आली नाही. माणसाच्या अंगात ती टिकतच नाही, दिवसातून चार-पाच वेळा कोण घेणार, असं म्हणून कंपनीने ती बाजूला ठेवली. केरूला हे कळलं तेव्हा तो पिंजरे धूत होता. त्याने नळ बंद करून ते ऐकलं आणि पुन्हा नळ सोडून कामाला लागला.

राजा पुढे तीन पावसाळे जगला. गणपतीला केरू घरी आला की तो पाखाडी चढून फाट्यापर्यंत यायचा. जमिनीवर पडलेलं खायला तो शिकला, पण उशिरा. तोवर चिमा रोज त्याला हातानेच भरवत होती.