सोंगाला नाव नसतं

ओठांवर बोट ठेवून ते म्हणायचे, "नाव नाय घ्यायचा. नुसता सोंग म्हनायचा."

आमच्या वसईच्या ऑफिसात ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसत. मूळचे अर्नाळ्याचे कोळी. मी घाटावरून येऊन वसईतल्याच एव्हरशाईन वसाहतीत फ्लॅट घेतलेला; सोंग म्हणजे माझ्या लेखी ढोंग, पोट दुखत असल्याचं वगैरे. त्यांच्याकडे मात्र शिमग्यात वेष घेऊन घरोघर नाचणारा माणूस म्हणजेच सोंग. एकदा तोंडाला रंग लागला की तो अमक्याचा मुलगा नाही, तमकीचा नवरा नाही. सोंग बोलत नाही, आणि सोंगाला कुठलंही दार बंद नसतं.

"म्हणजे ओळखायचंच नाही?" मी चिडवायचो.

"ओलखायचा. पन बोलायचा नाय."

शर्टावर एक सुरकुती न चालणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हे त्यांतले. आणि शिमग्यात हेच गृहस्थ बायकोचं लुगडं नेसून काजळ फासायचे! दुसऱ्या दिवशी कानामागे गुलाबी पावडर तशीच. विचारलं की म्हणायचे, "ॲलर्जी हाय."

एका शिमग्यात सोंग घेऊन निघताना त्यांनी मला अर्नाळ्यात बरोबर नेलं. वाटेत पहिल्यांदाच घरचं बोलले. वडिलांची होडी विकण्यावरून थोरल्या भावाशी भांडण झालं, तेव्हा सगळ्या गल्लीसमोर ते आईला म्हणाले होते, "तुजा धाकला मेला समज." आई राहायची भावाकडे. त्यानंतर त्या घरात ते गेले ते फक्त सोंग होऊन.

"आता कुठल्या तोंडान जाऊ?" ते म्हणाले.

भावाच्या घरात ते खूप नाचले. म्हातारीने टाळ्या वाजवल्या, हातावर नारळाची वडी ठेवली आणि विचारलं, "सोंगा, तुजी आय हाय का रं?"

त्यांनी मान हलवली.

"मंग तिला भेटत जा."

भाऊ भिंतीकडे बघत होता. मला तिथे उभं राहायचीच लाज वाटली.

बाहेर येऊन त्यांनी पदराने तोंड पुसलं, तर काजळ गालभर झालं. "दरवर्सी ओलखते ती," ते म्हणाले. "सोंगाला लाज नाय वाटत. माजी मलाच वाटते."

"अहो, मग एकदा बोलून टाका की!"

"पुढच्या शिमग्याला. तोंड धुऊन जाईन."

त्याआधीच म्हातारी गेली. ऑफिसातले आम्ही दोघंतिघं गेलो. दारात चपलांचा ढीग होता. हे अंगणात उभे, अंगात तोच इस्त्रीचा शर्ट. भाऊ दाराशी आला, "ये" म्हणाला. यांचा पाय उंबऱ्यापर्यंत जायचा आणि मागे यायचा.

शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला, डोळ्यांखालून तोंडावर घट्ट बांधला आणि मान खाली घालून आत गेले.

दारातल्या बायका बाजूला झाल्या. कुणीही त्यांचं नाव घेतलं नाही.