नवसाच्या कोंबड्याची मान

धरणावरची माझी नोकरी कायम झाली आणि त्या आनंदात मी सासुरवाडीच्या कोंबड्याची मान बोडकी केली. (कोंबडा जिवंत होता. तीच तर पंचाईत!)

सत्त्याण्णवच्या सुमाराला बदलून गेलेल्या एका साहेबांच्या रद्दीत मला मासेमारीचं विलायती मासिक सापडलं. त्यात मेफ्लाय नावाच्या माशीच्या पिल्लाची, म्हणजे निंफची, चित्रं होती. हे पिल्लू पाण्यात दगडाखाली राहतं. गोरे लोक गळावर दोरा नि पिसं गुंडाळून तसंच खोटं पिल्लू बनवतात आणि मासे म्हणे फसतात. मी ठरवलं, आपण यात सुधारणा करायची! अंगाला जळक्या मोटारीची तांब्याची तार, शेपटीला बायकोच्या गंगावनाचे केस. (तिला अजून ठाऊक नाही.) अडलं ते पायांशी. त्यांना कोंबड्याच्या मानेचं मऊ, तांबूस पीसच हवं होतं.

ते मला किन्हवलीला सासऱ्यांच्या पडवीत दिसलं. माझ्या नोकरीसाठी सासूबाईंनी गावदेवीला बोललेला नवस दुसऱ्या दिवशी फेडायचा होता. नवसाला कोंबडा लागतो हे मला माहीत होतं. पडवीत बांधलेला, तांदूळ खाऊन माजलेला तो हाच, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं! पहिलं पीस तुटलं, दुसरं उलटं बसलं, तिसरं माझ्याच शिंकेने उडालं. निंफ तयार होईस्तोवर कोंबडा न्हाव्याकडून आल्यासारखा दिसू लागला.

नदीवर सासरे बरोबर आले. त्यांनी निंफ तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळली.

"जावयबापू, ह्यो किडा खरा कुटं रवतो?"

"दगडाखाली."

"मंग दगड उचला नि खराच लावा ना!"

"मामा, त्यात कला नाही!"

मी मासिकातल्यासारखी दोरी डोक्यावरून मागे नेली आणि झोकात पुढे फेकली. निंफबरोबर मामांची टोपीही गेली, थेट डोहात! ओढायला गेलो तर दोरी तुटली आणि कला टोपीसकट वाहून गेली.

घरी पोचतो तर सासूबाई पडवीत उभ्या.

"अगो सुनंदे, ह्याला कुनी सोलला गो?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कोंबड्यानेही पाहिलं. लगेच देवीचा कौल सांगणाऱ्या भगताला बोलावणं गेलं.

"असा उघडा कोंबडा देवीला चालत नाय. पिसं येऊ द्या."

"आनि तवर ह्यांची नोकरी?" सासूबाईंनी विचारलं.

"तवर देवीची मर्जी!"

पुढचे तीन महिने साहेबांनी नुसती हाक मारली तरी मला ती बोडकी मान दिसायची. दर रविवारी एसटीने किन्हवलीला जाऊन मी पिसं मोजायचो.

शेवटी एकदाची पिसं आली. भगताने देवीपुढे कोंबड्यासमोर तांदूळ ठेवले. त्याने ते टिपले की देवीने नवस मानला. कोंबडा मला पाहून मान आत ओढून बसला. टिपेचना!

"जावयबापू," भगत म्हणाला, "तुमी जरा लांब जावा."

मी सागाच्या झाडाआड गेलो. लगेच टक्‌ टक्‌! माझाच नवस, माझ्याच गैरहजेरीत फिटला.

जेवताना सासूबाईंनी माझ्या पानात नेमका मानेचा तुकडा वाढला.

"घ्या. तुमच्या ओळखीचा हाय."

मी खाल्ला. माझ्या निंफने मला मिळवून दिलेली एवढीच शिकार, तीही सासूबाईंनी शिजवलेली!