मिलवाल्याने धुतलेला कुत्रा

कुत्र्यांचं पार्लर असतं हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. डिंडोलीच्या रस्त्याला काचेचं दुकान आहे. आत गार हवा, भिंतीवर परदेशी कुत्र्यांचे फोटो. आमचा कुत्रा गावठी. पिवळट, एक कान मोडका. बायकोने नवागामच्या गल्लीतून पिल्लू असताना उचलून आणलेला. ती गेली आणि तेराव्याला पाहुणे यायचे म्हणून सूनबाईने त्याला त्या दुकानात नेलं. घरात वास नको म्हणे. माणूस गेलेल्या घरात काळजी कसली, तर कुत्र्याच्या वासाची.

परत आला तेव्हा मी त्याला ओळखला नाही. पोटावरचे, मांड्यांवरचे केस मशीनने पार मुळापासून काढलेले, खालची कातडी गुलाबी उघडी. अंगाला अत्तर. गळ्यात चकचकीत रुमाल. माझ्या मुलाने दहाव्याला डोकं भादरलं होतं, म्हणून कुत्र्याकडे बघून पाहुणे हसत म्हणाले, "यानेपण करून घेतलं वाटतं!" हसा लेकांनो. जेवायला आलात, जेवा आणि निघा.

दुसऱ्या दिवसापासून त्याचं खाजवणं सुरू. भिंतीला अंग घासायचा, मांडी चाटून चाटून लाल करायचा. मग अक्कल शिकवणारे जमले. शेजारीण म्हणाली, "काकींची आठवण काढतोय बिचारा. मुक्या जनावराचं दुःख असंच बाहेर येतं." पाय पसरून बसलेला एक नातेवाईक म्हणाला, "तिचा जीव याच्यात अडकलाय." कुत्र्याला खाज सुटली तरी यांना त्यात दुःख दिसतं. मला मात्र कुणी काही विचारलं नाही. मी खाजवत नव्हतो ना.

मी पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये तेहतीस वर्षं धुलाई खात्यात काढली. कापडात साबण राहिला की बोटांना कळतं, बुळबुळीत लागतं. कुत्र्याच्या पाठीवरचे केस ओले करून चिमटीत चोळले. बुळबुळीत. त्या दीडशहाण्या पार्लरवाल्याने कुत्र्याला नीट खळबळलंच नव्हतं. आमच्या मिलमध्ये असला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत टिकला नसता. सूनबाई विचारायला गेली तर खुर्चीतून न उठता तो गुजरातीत म्हणाला, "बेन, बे दिवसमां सारुं थई जशे. एनी स्किन सेन्सिटिव छे." गल्लीतल्या चिखलात वाढलेला कुत्रा, आणि म्हणे कातडी नाजूक.

दोन दिवस गेले, चार गेले. मांडीवरचा लाल डाग पोटापर्यंत पसरला. सूनबाई म्हणाली, "बाबा, रविवारपर्यंत बघू. नाहीतर पांजरापोळीत सोडावं लागेल. घरात दोन वर्षांची पोर आहे, ती सारखी त्याच्या अंगावर पडते." तिचं चुकत नव्हतं. पण बायकोच्या मागे दुपारभर माझ्याजवळ बसणारं त्या घरात तेवढं एकच होतं.

गुरुवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. त्याला मोरीत घेतला. साबण आणि अत्तर दोन्ही काढायचं मी मनावर घेतलं होतं. मिलमध्ये कोऱ्या कापडातलं तेल कसं काढायचो? सोडा आणि गरम पाणी. धुण्याचा सोडा घरात होताच. बादलीभर गरम पाणी, त्यात दोन मुठी. पाणी बोअरचं, ज्याला साबणाचा फेससुद्धा येत नाही. वरून खालपर्यंत चोळला. ओरडला तो. मी म्हणालो, "गप रे, तुझ्यासाठीच करतोय." तीन पाण्यांतून काढला. अत्तराचा वास गेला. म्हटलं, याला म्हणतात धुणं.

संध्याकाळी मांडीवर फोड आले आणि त्यातून पाणी सुटलं.

शुक्रवारी जनावरांच्या डॉक्टरीणबाईकडे गेलो. सूनबाईने पार्लरवाल्याच्या नावाने सुरुवात केली. "बघा काय हालत केलीय त्या माणसाने! मी सोडणार नाही त्याला." बाईंनी फोडाशेजारी बोट टेकवून पाहिलं. "हे मशीनचं नाही. हे भाजलंय. काल काही लावलंत का?"

मी भिंतीकडे बघत होतो. पार्लरवाला नालायक होताच, हेही त्याच्याच नावावर गेलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"कशाने भाजलं ते कळल्याशिवाय औषध कसं देऊ?" बाई म्हणाल्या.

"सोडा," मी म्हणालो.

"खायचा?"

"धुण्याचा."

बाई माझ्याकडे वळल्या. "काका, कुत्रा आहे हा. धोतर नाही."

सूनबाई हसली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाबा, आई त्याला कसं धुवायच्या, ते कधी बघितलंत?"

नव्हतं बघितलं. दहा वर्षं बायको त्याला अंघोळ घालायची आणि मी ओट्यावर बसून टोमणे मारायचो. "झालं का राजकुमाराचं न्हाणं?" ती आतून म्हणायची, "तुमले काय कयस?" मला काय कळतंय म्हणे. सूनबाईला माहीत होतं, तिनेच रिक्षात सांगितलं. मोरीतलं निळं पिंप नळाच्या गोड पाण्याचं होतं. आम्ही सगळे बोअरच्या पाण्याने न्हायचो, कुत्रा नळाच्या. साबण नावाला, पाणी मात्र तांब्यामागून तांब्या. शेवटी बायको त्याच्या बोटांच्या बेचक्यासुद्धा जुन्या साडीने कोरड्या करायची. ती गेल्यावर चौथ्याच दिवशी ते पिंप मी उलटं करून ठेवलं होतं. जागा अडवतं म्हणून.

तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांना पाण्यावरून शिव्या घातल्या, आणि माझ्या मोरीत कुठलं पाणी कशासाठी आहे ते मला माहीत नव्हतं. पार्लरवाला माझ्यापेक्षा बरा. त्याने निदान गार पाण्याने धुतलं.

रविवार आला. फोड बसले नव्हते, पण पाणी सुटायचं थांबलं होतं. बाईंनी रोज साध्या गार पाण्याने अंग धुवायला सांगितलं होतं, साबण नाही, चोळणं नाही. सकाळी नळ आला तेव्हा मी पिंप सरळ केलं, घासलं, भरलं. कुत्रा, चाटू नये म्हणून बाईंनी गळ्यात घातलेला प्लास्टिकचा कर्णा दारावर आपटत मोरीपर्यंत आला, आत मला बघितलं आणि मागे फिरला. सूनबाईने ओढणी खोचली आणि त्याला धरून आणलं.

"बाबा, तुम्ही हात लावायचा नाही. नुसतं पाणी द्या. हा कर्णा अजून पंधरा दिवस ठेवायचाय, त्यावर उडवू नका."

पंधरा दिवस म्हणाली. पांजरापोळीचं नाव नाही. मी तांब्या भरून देत राहिलो.

"पुरे," ती म्हणाली.

"बुळबुळीत लागतंय का बघ."

"नाही लागत."

"अजून एक घे."