विल्फ हेपलचे कान

इंग्लंडातल्या वॉल्सएंडच्या जहाजं बांधायच्या गोदीत विल्फ हेपलइतका कानाचा पक्का माणूस नव्हता. हे मी, गॉर्डन रॉब्सन, आज म्हणतोय. म्हणायची वेळ होती तेव्हा मूग गिळून गप्प बसलो होतो.

एकसष्ट साली लंडनच्या एका नावाजलेल्या वादक चौकडीची पहिली मोठी रेकॉर्ड आली. गाणारा कोणी नाही, नुसत्या गिटारी आणि ड्रम. आम्हा चौघा गोदीवाल्यांनीही तसलीच चौकडी काढली होती. विल्फ पुढची, म्हणजे मुख्य धूनेची, गिटार वाजवायचा. मी मागे साथ धरायचो आणि मनातून जळायचो. रेकॉर्ड चौघांत एकच, प्रत्येकाकडे आठवडाभर. मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांची रेकॉर्ड सोळाच्या वेगावर लावायची आणि निम्म्या गतीत एकेक सूर टिपायचा. लिहिलेले सूर वाचता कोणाला येत होते!

माझ्या आठवड्यात सुई हातून निसटली. शेवटच्या धूनवर आडवा ओरखडा पडला. तिथे सुई टुणकन उडी मारायची आणि अख्खं एक आवर्तन गाळायची. पुढचा आठवडा विल्फचा. मी रेकॉर्ड पुसली, पाकिटात घातली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, उद्या सांगू. उद्याही नाही सांगितलं.

ड्रमवाला आर्ची रात्रपाळीला, म्हणून त्या धूनची तालीम झालीच नाही. शनिवारी क्लबातल्या नाचाला विल्फने जसं ऐकलं तसं हुबेहूब वाजवलं, एक आवर्तन गाळून. तो पुढे निघून गेला, आम्ही तिघे मागे. वाजवताना एक पाऊल पुढे, एक मागे अशी आम्हा गिटारवाल्यांची पावलं बसवलेली, ती एकमेकांवर आपटली. लोक पोट धरून हसले. आर्चीने सगळ्यांदेखत विचारलं, "कानात रिवेट ठोकून घेतलेस काय रे?" विल्फने माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घालून गिटारच्या खुंट्या पिळत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माझ्या दारात. माफी मागायला! म्हणाला, "तू वाजव पुढे, गॉर्डन. माझ्या कानांचा काही भरवसा नाही."

मी वाजवली. अकरा वर्षं वाजवली. जुनी रेकॉर्ड फुटली म्हणून थाप मारली आणि नवी आणली. विल्फने गिटार परत हातात धरली नाही, पण दर शनिवारी पुढच्या टेबलाशी बसून टाळ्या वाजवायचा. त्या टाळ्या ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, आणि तरी त्या मला हव्या असायच्या. असा मी.

गोदीतल्या ठोकाठोकीने पुढे विल्फचे कान पार गेले. गेल्या रविवारी दुपारी क्लबात बिअर पिताना मी त्याला हळूच सगळं सांगितलं. त्याने कानामागे हात धरला. परत सांगितलं. तरी नाही. शेवटी ओरडावं लागलं, "रेकॉर्ड मी खराब केली होती, विल्फ. तू बरोबर वाजवलं होतंस."

सगळ्या क्लबाने माना वळवल्या. विल्फने ग्लास खाली ठेवला.

"म्हणजे तेव्हा माझे कान चांगले होते?"

मी हो म्हणालो. ते त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून परत मोठ्याने म्हणावं लागलं.